मुदतवाढ एकदाच

बुटीबोरीत नव्या माणसाला आधी कंपनी विचारतात, नाव नंतर. नागपूरहून वर्धा रोडने निघाले, जामठ्याचे स्टेडियम मागे पडले, की थोड्या वेळात आमची एमआयडीसी लागते. इथे कोणी सूत काढतो, कोणी टायर काढतो, कोणी विजेच्या तारांचे मनोरे घडवतो. काहीच काढत नाही असा धडधाकट माणूस गावात असू शकतो, हे कोणाला पटत नाही.

"कोणत्या कंपनीत आहे भाऊ?"

"कंपनीत नाही. वाचनालयात. ग्रंथपाल आहे."

"बरं बरं. शिफ्ट कोणती?"

"शिफ्ट नसते. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास."

"म्हणजे ब्रेक शिफ्ट. अन् प्रॉडक्शन काय?"

इथे माझी गाडी अडते. मी सांगतो, लोक पुस्तक नेतात आणि वाचून परत आणतात. समोरचा थांबून राहतो. पुढे अजून काहीतरी येईल अशी त्याला आशा असते.

"म्हणजे जे गेलं तेच वापस येते?"

"हो."

"अन् त्याचा पगार भेटते?"

पगार म्हणावा असा भेटत नाही, हे मी सांगत नाही. निदान एका बाबतीत तरी त्याला माझा हेवा वाटू द्यावा.

पण खरा घोटाळा वाचनालयात नाही, वाचनालय बंद झाल्यावर आहे. मास्तर घरी येऊन पोरांवर खेकसतो, पोलीस घरी येऊन संशय घेतो, ते लोक समजून घेतात. माणूस घरी येऊन कुकरच्या झाकणाला क्रमांक द्यायला लागला, की बायको माहेरी फोन करते.

आमच्याकडे पहिला बळी शिडीचा गेला. लोखंडी, घडीची, चांगली आठ पायऱ्यांची शिडी. होळी झाली की गल्लीत कूलर निघतात, खसच्या ताट्या बदलतात, आणि तेव्हापासून आमची शिडी आमची राहत नाही. पूर्वी ती कोणाकडे आहे हे शोधायला संध्याकाळी फिरावे लागे. मग मी तिला पांढऱ्या रंगाने दाखल क्रमांक घातला, तिसऱ्या पायरीला तारखेची पट्टी चिकटवली आणि एक दोनशे पानी वही घालून देवघेव सुरू केली. समोरचे काकाजी आले.

"भाऊ, शिडीवर हे काय लिहून ठेवलं?"

"दाखल क्रमांक."

"अन् हा कागद?"

"मुदतीची तारीख. सात दिवस. इथे सही करा."

"मले तर एक बल्ब लावाचा आहे."

"मग दोनच दिवसांत आणून द्या. दुसऱ्याची मागणी आहे."

"कोणाची?"

"वाचकाचे नाव सांगता येत नाही."

काकाजी शिडी न घेता गेले, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले, आणि पुढचे सगळे त्या खुर्चीने ठरवले. आम्ही संत्री घेऊन भेटायला गेलो तेव्हा त्यांचा पाय उशीवर होता. "एका बल्बासाठी माणूस पाडला तुम्ही," बायको जिन्यातच म्हणाली. मी वर गेल्यावर त्यांना इतकेच सांगितले की पडताळणीत शिडी जागेवर सापडली. त्यांना बरे वाटावे म्हणून.

शिक्क्याचे प्रकरण याहून वाईट. वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का एकाहून जास्त ठिकाणी मारतात. पहिल्या पानावरचा सगळ्यांना दिसतो, आणि एक असतो ठरलेल्या आतल्या पानावर. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. चोराने पहिले पान फाडले तरी गुप्त पान फितूर होते. ही युक्ती मला इतकी आवडली की घरातल्या ज्या ज्या वस्तूला बाहेरची हवा लागण्याचा संभव आहे तिचे मी एक गुप्त पान ठरवून टाकले. छत्रीचे गुप्त पान तिसऱ्या काडीजवळच्या कापडावर.

पावसाळ्यात गावात एका घरी सांत्वनाला गेलो होतो. निघताना बाहेर धो धो पाऊस आणि दाराशी ओळीने काळ्या छत्र्या. मी एकेक उघडून तिसरी काडी तपासू लागलो. माझ्यामागे शोकाकुल मंडळींची रांग लागली.

"काय शोधून राहिले?" एकाने हळू आवाजात विचारले.

"गुप्त पान."

कोणी काही बोलले नाही. मग एका वयस्क बाईंनी मला खुर्चीत बसवले, पाणी दिले आणि पाठीवरून हात फिरवला. मयत गृहस्थांची आणि माझी साधी तोंडओळखही नव्हती, हे सांगायला मला धीर झाला नाही.

मालकीचा शिक्का घरात आणणारा मीच पहिला, असे मला वाटत होते. कारण तोवर मी आमची भांडी वाचली नव्हती. एकदा मार्चच्या हिशेबाच्या भरात स्वयंपाकघरातली पितळी-स्टीलची सगळी भांडी खाली काढली आणि थक्क झालो. ताटावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि दिनांक. तांब्यावर सासऱ्यांच्या आत्याचे नाव आणि बारशाची तारीख. भांड्यांच्या दुकानात तो कर्र कर्र मशीन घेऊन बसलेला माणूस जे करतो तीच दाखलनोंद. आम्ही ती शिकायला परीक्षा दिली, त्याने दिली नाही. देणगीदाराचे नाव आम्ही पुस्तकाच्या आत लिहितो, या बायका ते अशा ठिकाणी कोरून घेतात की घासून जायला तीन पिढ्या लागाव्यात. वेलांट्या चुकतात, ते सोडा. आमच्याकडच्या एका गंजावर मात्र अशा एका घराण्याचे नाव निघाले की ज्यांचा आमच्याशी कसलाही संबंध नाही.

"हा गंज कोणाचा?"

"आपलाच."

"नाव दुसऱ्याचं आहे."

"मग आपला गंज त्यांच्याकडे असेल," बायको शांतपणे म्हणाली आणि त्यात भात लावला.

यालाच आम्ही आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतो; त्यासाठी अर्ज, शिफारस आणि पोच लागते. इथे एका लग्नाच्या पंगतीत ती उरकली होती.

आणि डब्याचे तर शास्त्रच वेगळे. शेजारी वडाभात पाठवला तर तो डबा महिनाभर येत नाही. बायकोला चिंता नसते. कारण रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही घरांना पाठ. उशिरा का होईना, येताना त्यात करंज्या असतात, काही नाही तर मूठभर साखर तरी असते. उशीर जितका जास्त तितका डबा जड. मी मात्र विलंब शुल्काच्या सुट्या नाण्यांसाठी वाचकाशी पाऊण तास वाद घालतो आणि शेवटी पुस्तक हातात येते ते शेवटची चार पाने गेलेले.

हरवण्याबद्दल सरकारही माझ्यापेक्षा समजूतदार आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत लिहिले आहे की वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली आणि त्यात कोणाची लबाडी वा हयगय नसेल, तर तेवढे नुकसान वाजवी मानावे. हजार रुपयांहून महाग पुस्तक गेले तर मात्र चौकशी होते. मी हा नियम घरच्या चमच्यांना लावला. आमच्याकडे चमचे सव्वीस, म्हणजे वर्षाला चमच्याचा आठवा भाग हरवायची मुभा. बायकोने दोन अख्खे हरवले होते. मी ते तिच्या निदर्शनास आणले.

तिने कागद मागितला, नियम स्वतः वाचला. "इथे तर नेलेल्या पुस्तकांचा हिशेब आहे, घरात असलेल्या नाही. दिवसाला तीस चमचे वापरात येतात. वर्षाचे झाले दहा हजार नऊशे पन्नास. हजारी पाच म्हणजे चोपन्न चमचे हरवायचा मला हक्क आहे. मी दोनच हरवले. बावन्न बाकी आहेत."

तेव्हापासून ती चमचे निर्धास्तपणे वापरते.

वर्गीकरणाचा प्रयोगही याच स्वयंपाकघरात बुडाला. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, आणि उरलेसुरले पुढे दशांशचिन्हाच्या पलीकडे लोटले. २०० ते २९९ ही प्रशस्त माडी धर्माची. तिच्या बहुतेक खोल्या ख्रिस्ती धर्माला गेल्या आणि हिंदू धर्माला मिळाली २९४.५. आमचे तेहतीस कोटी देव त्या एका दशांशात कसे राहतात ते त्यांचे त्यांना माहीत. भाजीपाल्याला मात्र या माणसाच्या पद्धतीत चांगली ऐसपैस जागा आहे. टोमॅटो ६३५.६४२, वांगे ६३५.६४६. हे एकदा डोक्यात बसले की जात नाही. बाजारात वांगी निवडताना मी सवयीने पुटपुटलो, "सहाशे पस्तीस पॉइंट सहा चार सहा..."

"एवढे कायले देता काकाजी," भाजीवाली म्हणाली, "चाळीस रुपये किलो आहे."

डॉक्टरकडेही तेच झाले. पचनाचे विकार ६१६.३मध्ये येतात. दोन दिवस पोट बिघडले होते, तोंडून निघून गेले, "डॉक्टरसाहेब, सहाशे सोळाचा त्रास होतो आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले, "बीपी एवढा असता तर तुम्ही पायी आले नसते."

घरात मी डब्यांना वर्गांक चिकटवले तेव्हा खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्या शास्त्रात पुस्तकाची नोंद आतल्या शीर्षकपानावरून करतात, वरच्या वेष्टनावरून नाही, कारण वेष्टन फसवते. मराठी स्वयंपाकघर हे वेष्टनांचे साम्राज्य आहे. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीच्या बरणीत मोहरी. लोणच्याच्या बरणीत साबुदाणा. बिस्किटांच्या गोल निळ्या डब्यात सुया, दोरे, हुक आणि एका जुन्या स्वेटरची बटणे. बिस्किटे आहेत गुलाबजामच्या पाकिटात, ते आहे रव्याच्या डब्यात, आणि रवा कुठे आहे हे फक्त तिला माहीत. मी सगळे वेष्टनानुसार लावले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मोहरी घातलेले दूध गेले. त्यातले एक जण "वेगळं आहे" म्हणून संपवूनही गेले. हल्ली मी स्वयंपाकघरात विनापरवाना जात नाही.

पाहुण्यांवरून आठवले. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. आमचा मेहुणा आमच्याकडे येतो, कारण आमचा कूलर मोठा आहे.

"भाऊजी, अजून चार दिवस राहीन म्हणतो."

"मुदतवाढ एकदाच मिळते. ती तुम्ही सोमवारी घेतली."

"म्हणजे?"

"दुसऱ्याची मागणी नसेल तर विचार करता येईल."

तेवढ्यात आत फोन वाजला. अकोल्याच्या मावशी उद्या निघत होत्या. नियमाची एवढी चोख अंमलबजावणी मला वाचनालयात कधी जमली नव्हती. मेहुणा मात्र हसला नाही. त्याची बहीणही हसली नाही, आणि ती कूलरच्या बाजूला झोपते.

शांततेचे काय सांगू. वाचनालयात आमचे खरे गिऱ्हाईक म्हणजे अभ्यासिकेतली पोरे. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक. ती आमचे एकही पुस्तक घेत नाहीत, स्वतःची आणतात, आमचा पंखा घेतात. दुसरे गिऱ्हाईक पेन्शनर. त्यातल्या काहींना वर्तमानपत्र वाचताना झोप लागते आणि काही झोप लागावी म्हणून वर्तमानपत्र घेतात. दोघांच्या मध्ये बसून "शू" म्हणणे हे माझे काम. ओठांना वळण पडले आहे. भाच्याच्या वरातीत डीजेवाल्याला मी "शू" केले. त्याला वाटले फर्माईश आहे. आवाज वाढला.

आता आमच्या दैवताविषयी. शियाळी रामामृत रंगनाथन, जन्म १८९२. त्यांचा वाढदिवस म्हणून पाळतात तो १२ ऑगस्ट, तोच आमचा ग्रंथपाल दिन. त्या दिवशी एक ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथपालाला शुभेच्छा देतो, तिसऱ्या कोणाला पत्ता लागत नाही. हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की मला परत शिकवायला घ्या, असे सांगायला जुन्या कॉलेजात जाऊन आले. आधी लंडनला जाऊन या, नंतर पाहू, असे ठरले. लंडनहून आले ते पछाडलेलेच. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला, सुटे तुकडे जोडून हवे ते बनवायचे, आणि विषयांचे क्रमांकही असेच जोडून करावेत हे त्यांच्या मनाने घेतले. १९३३ साली त्यांची कोलन पद्धती आली. पुढे कोणताही विषय पाच बाजूंनी पाहायचा, असे त्यांनी शिकवले: व्यक्तित्व, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ. मला वाटते, हे त्यांनी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर उभे राहून शिकवायला हवे होते. तिथल्या बातमीला पाचातल्या फार तर दीड बाजू असतात.

"काल लय राडा झाला भाऊ."

"कोणाचा?"

"त्याचा अन् त्याच्या साळ्याचा."

"कशावरून?"

"प्लॉटवरून."

"पदार्थ प्लॉट. क्रिया कोणती?"

"क्रिया?"

"हाणामारी की नुसत्या शिव्या?"

"दोनही."

"स्थळ?"

"तेच, फाट्यापाशी."

"कोणता फाटा? टाकळघाटचा का? आणि काळ? फर्स्ट शिफ्ट सुटताना की सेकंड?"

पानवाल्याने खर्रा घोटायचे थांबवले. समोरच्याला म्हणाला, "यायले काही सांगू नको बे. हे सीआयडीत आहे." तेव्हापासून मी गेलो की पानठेल्यावर जी शांतता पसरते ती माझ्या वाचनालयात आणता आली, तर मला पुरस्कार मिळेल.

रंगनाथन यांच्याबद्दल असेही सांगतात की स्वतःच्या लग्नाच्या दिवशी विधी आटोपून दुपारी ते कामावर आले. मद्रासच्या सगळ्या वर्षांत त्यांनी म्हणे रजाच घेतली नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी मी हे बायकोला भारावून सांगितले.

"अन् त्यांच्या बायकोने काय केलं त्या दुपारी?"

"त्याची नोंद नाही."

"जेवायची थांबली असेल," ती म्हणाली, आणि मला उशीर झाला म्हणून गार झालेली भाजी तशीच वाढली.

आमची थकबाकीही इतर गावांसारखी नाही. एमआयडीसीत कंत्राट संपले की माणूस रातोरात गाव सोडतो. खोलीवाल्याला भाडे देतो, किराण्याचे देतो, पुस्तक मात्र बॅगेत तळाशी राहून जाते. माझ्या हिशेबाने आमच्या वाचनालयाच्या शाखा ओडिशापासून सुरतेपर्यंत पसरल्या आहेत, फक्त तिथल्या लोकांना ते ठाऊक नाही. जे गावातच राहतात त्यांना मी फोन करतो. त्यातून कारणांचा माझा इतका अभ्यास झाला आहे की कोणी "अॅक्च्युअली काय झालं" म्हटले की पुढचे मला पाठ असते. कोणाचे पावसात भिजले, कोणाचे साळीने नेले, एकाचे म्हणे बकरीने खाल्ले.

"कितव्या पानापर्यंत?" मी विचारले.

"जी?"

"उरलेलं जमा करता येतं."

तिकडून बराच वेळ नुसता बकरीचा आवाज आला. म्हणजे निदान बकरी तरी खरी होती.

आता हाच कान मी बाहेरही लावतो. शिंपी "कारागीर गावाला गेला" म्हणायच्या आत मी "गावाला गेला ना?" म्हणतो. कूलरवाला मोटर का झाली नाही हे सांगू लागला की मी त्याच्या कारणाचा प्रकार वहीत टिपून घेतो. काम कोणाचेच लवकर होत नाही. उलट शिंप्याने माझी मापेच हरवली, आणि आता म्हणतो की ती बकरीने खाल्ली. गाव लहान आहे.

पुतण्याच्या लग्नाची बोलणी सुरू होती तेव्हा मुलीकडचा बायोडाटा माझ्याकडे तपासायला दिला. घरात एक वाचणारा माणूस आहे म्हणून. ज्या पुस्तकावर छापल्याचे साल नसते तिथे आम्ही चौकटी कंसात तसे लिहितो. फोटो कुठल्या वर्षीचा ते दिलेले नव्हते, मी सवयीने समासात लिहिले: [सन नाही]. उंचीपुढे: [अंदाजे]. "गृहकृत्यदक्ष" हे विशेषण याआधीच्या कागदांत जसेच्या तसे आले होते म्हणून: [पुनर्मुद्रण]. वहिनीने तो कागद, कंसांसकट, मुलीच्या मामांना परत पाठवला. पुतण्याने ते जुळू न देण्याचे श्रेय अजून मलाच दिलेले आहे. त्याचे दुसरीकडे जमले होते हे घरात कोणाला माहीत नव्हते. सध्या त्या घरात माझा तेवढा एकच माणूस आहे.

मोठ्या दुकानातल्या रांगेतही चैन पडत नाही. भारतातल्या बिस्किटाचा बारकोड बहुधा ८९०ने सुरू होतो, पुस्तकाचा ९७८ने. पण शेवटचा ताळ्याचा आकडा दोन्हींचा एकाच रीतीने निघतो. एक आड एक आकड्याला तीनने गुणायचे, बेरीज करायची, दहाच्या पुढच्या पटीला किती कमी ते पाहायचे. मी तेलाच्या पिशवीचा ताळा जुळवत असतो तेव्हा मागचे लोक मला ओलांडून जातात. बायको तर केव्हाच पैसे देऊन बाहेर उभी असते. आजवर एकही बिस्किटाचा पुडा खोटा निघालेला नाही. मी तरी तपासतो.

परत आलेल्या पुस्तकांत लोक काय काय विसरतात, हा एक वेगळा ग्रंथ होईल. रेल्वेचे तिकीट, केसांची पिन, रजेचा अर्ज, पगाराची चिठ्ठी, लग्नाच्या अक्षता. पाककृतीच्या पुस्तकांत नेहमी हळदीचा अंगठा. अंगठ्यावरून कोणत्या पानाची भाजी घरी झाली ते मला कळते. माझे सगळे ज्ञान अशाच प्रकारचे आहे. "इतक्या पुस्तकांत राहता, एखादं चांगलं सांगा ना," असे कोणी म्हटले की मी चटकन सांगतो: हिरवा पुठ्ठा, डावीकडून तिसरे कपाट, वरून दुसरा कप्पा. चांगले कशावरून? पाच वर्षांत दोनदा बांधणी करावी लागली. यापेक्षा मोठी समीक्षा मला करता येत नाही. वाचायला वेळ कुठे मिळतो? दिवसभर पुस्तके सांभाळावी लागतात.

या मार्चच्या पडताळणीत एक कादंबरी सापडेना. कपाटे सरकवली, पेन्शनरांना उठवून खुर्च्यांखाली पाहिले, अभ्यासिकेतल्या पोरांच्या बॅगा बघायचे तेवढे राहिले. नोंदवही चाळली तेव्हा सदस्याच्या नावापुढे आमच्याच घराचा पत्ता निघाला. घरी येऊन कपाट उघडले. पैठणीच्या घडीत कादंबरी, आणि खूण म्हणून आत विजेचे बिल. तेच बिल, जे आले नाही म्हणून मी कार्यालयात जाऊन तावातावाने भांडून, वर दंड भरून आलो होतो.

थकबाकीदाराशी मी नेहमी आदराने बोलतो.

"हे पुस्तक दिवाळीपासून तुमच्याकडे आहे."

"मग?"

"मुदत सात दिवसांची होती."

"तीनदा वाचून झालं. चौथ्यांदा चालू आहे."

मी पुस्तक उलटसुलट पाहिले. पृष्ठे २४०, दुसरी आवृत्ती, कणा किंचित सैल. "काय आहे यात एवढं?"

"तुमच्याच वाचनालयाचं आहे ना?"

"मला वर्गांक माहीत आहे."

ती पलंगावर बसली आणि सांगू लागली. एक शिक्षिका. नवरा चांगला, पण नुसता चांगला. एका रात्री ती बॅग भरून निघते, पाऊस, टांगा मिळत नाही, चालत स्टेशनवर पोचते. गाडी फलाटाला लागलेली. एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवते, तेवढ्यात मागून कोणीतरी तिला हाक मारते. लहानपणीच्या नावाने.

"कोण?"

तिने माझ्या हातातून पुस्तक घेतले, बिलाची खूण नीट केली आणि पुन्हा पैठणीत ठेवले.

"मुदतवाढ द्या, मग सांगते."

"ती एकदाच मिळते. तुमची नोव्हेंबरात झाली."

"मग राहू द्या."

ती कुकर लावायला गेली. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. मी पिशवीतून तारखेचा शिक्का काढला, आकडे फिरवले आणि स्वयंपाकघराच्या दारात, आत पाऊल न टाकता, विचारले, "एप्रिलची टाकू की मेची?"